श्रीची चौथी ओळ

३ ऑगस्ट, रविवार

सामंत मॅडमचा फोन. तालमी परत सुरू करू या म्हणतात, नोव्हेंबरात प्रयोग. "वसुधा, तू हो म्हणालीस तरच गं. श्रीकांत आजारी पडल्यापासून सगळे नुसते एकमेकांना फोन करतायत." हो म्हणून टाकलं. खरं तर श्रीला विचारायला हवं होतं. शेजारच्या खुर्चीतच होता. विचारलं असतं तर म्हणाला असता, "म्हणजे."

जूनमधल्या त्या सकाळी मेंदूला झटका आला, तेव्हापासून एवढा एकच शब्द उरलाय त्याच्याकडे. चहा हवा, तरी म्हणजे. पंखा बंद कर, तरी म्हणजे. उजवा हात दुखतोय, तेही म्हणजेच. सूर तेवढा बदलतो. सहा आठवड्यांत मी सुरावरून ओळखायला शिकलेय, दहात चार वेळा बरोबर येतं.

फोन ठेवला तर माझ्याकडे बघत होता. सगळं ऐकलं होतं. समजतं त्याला सगळं. तेच तर

५ ऑगस्ट, मंगळ.

श्रीची गाण्यांची वही काढली. चौदा गाणी. बारा पूर्ण. तेरावं एका ओळीसाठी अडलंय. चौदावं कोरं, वर नुसतं "शेवट, सगळे मिळून".

हे सगळं मॅडमचं खूळ. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, रिटायर झाल्यावर अठराव्या शतकातला एक इंग्रजी विनोदी ऑपेरा काढून बसल्या. ऑपेरा म्हटल्यावर कॉलनीतले निम्मे पळाले. मग त्यांनी आमच्याच हॉलमध्ये बसून समजावलं होतं. अहो, यात अखंड गात नाहीत. साधं बोलतात, बोलता बोलता मन भरून आलं की गातात, परत बोलतात. आणि चाली तरी कुठल्या? अर्ध्या उचललेल्या. रस्त्यावरच्या, नाचाच्या, इटलीहून आलेल्या. लोकांना चाल आधीच पाठ असायची, नव्या शब्दांसाठी यायचे. आवडलं की ओरडून परत गायला लावायचे.

"म्हणजे वन्स मोअर!" श्री म्हणाला होता. "मॅडम, हे आपलंच आहे की हो."

तेव्हा त्याच्या 'म्हणजे'च्या पुढे वाक्य असायचं.

मग सहा महिने वेडाच झाला होता. ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं रेघा मारलेला माणूस. इंग्रजी कविता कळत नाही, मॅडमकडून अर्थ घ्यायचा, आमच्यातला कौस्तुभ कीबोर्डवर चाल वाजवायचा, हा पेटीवर उतरवायचा. एका नाचाच्या चालीला म्हणाला, "हा आपला दादराच गं, फक्त गाडी सुटायला आलीय." सगळ्यात छळलं ते ओळींच्या शेवटाने. इंग्रजीत ओळ एका ठोक्यावर संपते, एकाच अक्षरावर. आपले शब्द लांब शेपटीचे. हा खाली कंपाउंडमध्ये फेऱ्या मारत पुटपुटायचा, जा, ये, ने, दे, हो. वॉचमनने मला विचारलं होतं, वहिनी, साहेब कुणाला बोलावतायत?

९ ऑगस्ट, शनि.

रिद्धी आली. स्पीच थेरपिस्ट, लहान आहे, आपल्या अमृताएवढी असेल. मराठी गुजराती वळणाचं. चित्रांची कार्डं मांडली. कप दाखव, श्रीने दाखवला. छत्री, दाखवली. कुत्रा, घड्याळ, सगळं बरोबर. मग तिने कप हातात धरला. "अंकल, हे काय आहे?"

बघत राहिला कपाकडे. ओठ जुळवले. "म्... म्हणजे."

डोळ्यांत पाणी. मी स्वयंपाकघरात गेले.

रिद्धी नंतर म्हणाली, जिभेचा नाही प्रॉब्लेम आंटी. शब्द आहे आत, त्याच्यापर्यंत रस्ता नाही. लिहिण्याचाही रस्ता तोच, म्हणून लिहून दाखवा म्हणू नका. (सकाळीच अमृता बंगलोरहून हेच सांगत होती, बाबांना पाटी दे म्हणून.) गातात का? गायला लावून बघा. गाणं दुसऱ्या बाजूला असतं.

१२ ऑगस्ट, मंगळ.

आंघोळ घालताना पाठीवर तांब्या ओतला आणि गायला लागला. शब्दांसकट! पहिल्या अंकातलं काकाचं गाणं, ज्याने पुतणीला घरात कोंडून ठेवलंय तो कंजूष म्हातारा.

"कुलुपं सात, किल्ल्या सात, पोरगी माझी घरात."

अख्खं गायला. तीन कडवी. एक अक्षर चुकलं नाही. मी ओली, हातात तांब्या, रडतेय, हसतेय. म्हटलं आलं, आलं सगळं परत. "श्री, बोल ना काही. काय हवंय तुला?"

माझ्या मागे खुंटीकडे बोट. "म्हणजे."

टॉवेल हवा होता.

त्याच गाण्यात 'दार' आहे, 'घर' आहे, 'भूक' आहे, 'नको' आहे. 'नको' तर चारदा आहे. ते त्याला गाण्याबाहेर काढता येत नाही. रिद्धीला फोन केला, ती म्हणाली चांगलं लक्षण आहे, पण धरून बसू नका.

कशाला धरून बसू मग?

१७ ऑगस्ट, रवि.

तालीम, मॅडमकडे, कांदिवलीला. श्रीला परब काकांच्या मिसेसकडे सोपवून एकटीच गेले. परब काकाच आपले काका आहेत नाटकात. वडील मिलमध्ये होते, हे पोस्टात. अजून अर्धं मालवणीत बोलतात. मला बघून म्हणाले, "श्रीकांत नाय तर माझो गळो नाय." मग सगळं गाऊन दाखवलं, झकास.

दोन गाण्यांचं काय, हा प्रश्न निघालाच. कौस्तुभ म्हणाला, "काकू, मी ट्राय करू का? काकांना आवडलं तरच घेऊ." चांगला मुलगा. मुलुंडहून येतो, दर रविवारी लिंक रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत. नाटकातला प्रियकर तोच. नको कशाला म्हणू? त्याचे शब्द वाईट नसतात. जाहिरातीतल्यासारखे असतात, एवढंच.

२० ऑगस्ट, बुध.

कौस्तुभ ऑफिस सोडून आला. तेरावं म्हणजे ड्युएट (लिहायला मागे राहिलं म्हणून तेरावं, नाटकात पहिल्या अंकाच्या शेवटी). पुतणी आणि प्रियकर पळून जातायत, काका झोपलाय. श्रीच्या तीन ओळी अशा:

हळूच ये रे, हळूच ये,
जिना बोलतो, जपून ये,
काका घोरती, कुलूप उघडे,

आणि चौथीच्या जागी नुसते ठोके मांडलेत, शेवटी 'ये'. हीच ओळ प्रत्येक कडव्याच्या शेवटी परत येते, त्यामुळे ती नाही तर गाणंच नाही. जूनमधल्या त्या सकाळच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाला होता, "आहे गं, जिभेवर आहे." जिभेवर.

कौस्तुभने गायलं. श्री डोळे मिटून, डाव्या हाताचं बोट खुर्चीवर ताल धरून. चौथी ओळ, "श्वासांमधुनी वाहत ये". बोट थांबलं. पंजा आडवा केला. नाही.

"बरं, 'स्वप्नांमधुनी'?" आडवा.

"'चांदण्यातुनी'?" आडवा.

पाच-सहा झाल्यावर कौस्तुभच्या तोंडून गेलं, "काका, मग तुम्हीच सांगा ना यार!"

कौस्तुभ लालबुंद. श्रीने उठून, म्हणजे उठायचा प्रयत्न करून, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. समजावत होता त्याला. कुणी कुणाला समजवायचं.

२७ ऑगस्ट, बुध.

गणपती. दीड दिवसाचाच आणला, नाही म्हणवेना. आरतीला श्री सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. एकही शब्द न अडखळता. खालच्या मजल्यावरचे सगळे माझं अभिनंदन करायला लागले. "अहो, बोलायला लागले की साहेब!" "आता काय काळजी नाही वहिनी!" एकाने त्याला विचारलं, काय साहेब, कसं वाटतंय? सगळे उत्तराची वाट बघत उभे. हातात प्रसादाच्या वाट्या.

मी मध्ये पडून म्हटलं, मोदक घ्या ना.

६ सप्टेंबर, शनि.

तीन दिवस मीच बसतेय ओळ लावत. आयुष्यात चार ओळी जुळवलेल्या नाहीत. तीस वर्षं त्याच्या ओळींना हं म्हटलंय फक्त. "हात देऊनी हाती ये." पंजा आडवा. "मागे वळून न बघता ये." जरा थांबला, विचार केला, मग आडवा. ती मला आवडली होती.

त्याला ठाऊक आहे ती ओळ. मी चुकले की त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, ओळखीचा माणूस समोरून निघून जातोय आणि हाक मारता येत नाही असं.

९ सप्टेंबर, मंगळ.

अक्षरांचा तक्ता आणला होता. रिद्धी नको म्हणालेली, तरी आणला. म्हटलं बोट ठेव. ठेवलं. म. मग र. मग न.

"मरण? श्री, असलं काय?" तो गोंधळून माझ्याकडे. परत तक्ता. आता क, ल, म. मग घ. काही नाही. नुसती अक्षरं. रिद्धी म्हणाली बोटाचाही रस्ता तोच आंटी, मी सांगितलं होतं ना.

ते म-र-न दिवसभर डोक्यातून गेलं नाही. काही नव्हतं हे कळूनही.

१३ सप्टेंबर, शनि.

आज ओरडले त्याच्यावर. अकरावी की बारावी ओळ म्हणून दाखवली, त्याने नुसता आडवा केला नाही, पेन्सिल फेकली. मी म्हटलं, "मग काय पाहिजे काय तुला? मला येत नाही रे लिहिता! मी नाहीये तू!" शेजारी ऐकू गेलं असेल.

तो भिंतीकडे तोंड करून बसला. अर्ध्या तासाने मी दूध दिलं, प्यायला. सॉरी म्हटलं. म्हणाला, "म्हणजे." हळू. कुठल्या सुरात, नाही कळलं.

बी.पी. १५०/९०. त्याचं नाही, माझं.

२१ सप्टेंबर, रवि.

तालीम. मॅडमना सांगितलं, ड्युएटचं राहू दे, शेवटचं गाणं तरी करू. त्या म्हणाल्या शेवटाची रीत सोपी आहे. त्या काळी शेवटी सगळी पात्रं ओळीने उभी राहायची, एकाच चालीवर प्रत्येकाने आपलं एक कडवं म्हणायचं, आपली बाजू मांडायची, आणि ध्रुवपद सगळ्यांनी मिळून. "मग ज्याचं कडवं त्याने लिहा ना. श्रीकांतवर कशाला सगळा भार?" सगळे खूष.

परब काकांनी तिथल्या तिथे मालवणीत केलं. "सात कुलपां घातलंय मियां, तरी चेडू गेला खंय?" हसून हसून वाट लागली. संध्याकाळी घरी येऊन श्रीला म्हणून दाखवलं त्यांनी. श्री हसला. तीन महिन्यांनी हसला असा, मान मागे टाकून. काका जाताना जिन्यात माझ्यापाशी डोळे पुसत होते. "हसता कसो गो, पयल्यासारखो."

ध्रुवपद कोण करणार विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते.

२५ सप्टेंबर, गुरु.

ध्रुवपद झालं. भाजी निवडताना झालं. दोनच ओळी.

ज्याचं त्याला कळलं का?
कळलं तर मग वळलं का?

परत म्हणून बघितल्या. ठोका बरोबर 'का'वर पडतो. एका अक्षरावर! ताट बाजूला सारून चौथ्यांदा म्हटल्या, मोठ्याने. मग आठवलं तो आत आहे.

मजा आली लिहिताना. हे इथेच लिहितेय, कुणाला बोलणार नाही. तो आत बसलाय शब्दाला मोताद होऊन आणि मला मजा येतेय.

त्याला दाखवलं नाही. मॅडमना फोनवर सांगितलं, जमलं कसंतरी.

१२ ऑक्टोबर, रवि.

आज श्रीला तालमीला नेलं. काठी घेऊन चालतो आता, टॅक्सीतून उतरताना त्रास झाला. सगळे उभे राहिले. मॅडमनी त्याला मधल्या खुर्चीत बसवलं.

बारा गाणी बोटाने ताल धरून ऐकली. पुतणी करणारी मुलगी एका जागी घाई करते, तिथे बोट वर. परत. परत बोट. तिसऱ्यांदा बरोबर. तिने खरंच सुधारलं! मॅडम म्हणाल्या, बघा, डायरेक्टर आला.

शेवटच्या गाण्याचं ध्रुवपद आलं. सगळे जोरात. श्रीने माझ्याकडे बघितलं. सरळ. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

कुणीच सांगितलं नव्हतं त्याला कोणी लिहिलंय.

२ नोव्हेंबर, रवि.

तारीख लक्षात राहील. दुपारी चारला, चहा गाळताना आतून, "चपला."

गाळणं हातातच. पळत गेले. "काय म्हणालास?"

"चपला." स्वच्छ. 'च' सुद्धा बरोबर. "चपला. चपला."

साडेचार महिन्यांत पहिला नवा शब्द. अमृताला व्हिडिओ कॉल लावला, तिच्यासमोर परत म्हणाला. ती रडायला लागली. मी त्याच्या चपला आणून पायाशी ठेवल्या. पायाने सारल्या. बूट आणले. नाही. माझ्या आणल्या, म्हटलं मी बाहेर जायचंय का कुठे? त्याही सारल्या. खाली फिरायला नेलं तर गेटपाशी थांबला, पुढे जाईना, माझ्या तोंडाकडे बघून "चपला" म्हणतोय, आवाज चढत चाललेला. वॉचमनने स्टूल दिलं. त्यावर बसून दोन्ही... एकच हात, डावा, तोंडावर घेतला.

रिद्धी फोनवर खूष. म्हणाली नवीन शब्द आला, ग्रेट. पण आंटी, अर्थ लावत बसू नका. जो शब्द निसटतो तोच हवा असतो असं नाही. पाणी म्हणायचं असेल आणि चप्पल येईल.

मग कुठला शब्द खरा?

३ नोव्हेंबर, सोम.

आज एकदाही म्हणाला नाही. मी चपला दाखवल्या, तर कार्डं दाखवतात तेव्हा बघतो तसा बघत राहिला. "म्हणजे."

गेला. एका दिवसात आला आणि गेला.

५ नोव्हेंबर, बुध.

मटार सोलत होते. ड्युएटमधली ती पुतणी, जिना वाजू नये म्हणून जपून उतरतेय, काका घोरतोय. अशी उतरताना बाई काय करेल? मी काय केलं असतं? पायातल्या काढल्या असत्या.

चपला हाती घेऊन ये.

ठोके मोजले. नीट बसते. शेवटी 'ये'. आणि श्रीसारखी आहे. श्वास नाही, चांदणं नाही. पळून जाताना सगळ्यात आधी लागतं ते. ऐकल्यावर माणूस हसेल आणि मग पोरीची काळजी वाटेल.

धावत गेले तर खुर्चीत डोळे मिटून. म्हटलं, ऐक. गायले. माझा आवाज आहे तसा. बोट चालू झालं. हळूच ये रे. जिना बोलतो. काका घोरती. मग "चपला हाती घेऊन ये" आणि बोट थांबलं नाही. चालत राहिलं, ठोक्याला ठोका.

श्री? श्री, हीच का?

घोरत होता. बोट थांबायच्या आधी झोप लागली की नंतर, मला नाही सांगता येणार. उठल्यावर परत गाऊन दाखवली. टीव्हीकडे बघत होता. पंजा आडवा केला नाही. उभाही केला नाही.

९ नोव्हेंबर, रवि.

तालमीत ओळ दिली. सगळे उसळले. कौस्तुभ म्हणाला, "काकू, कडक! हे माझ्या डोक्यात सात जन्मांत आलं नसतं." मी म्हटलं माझी नाही, श्रीची आहे. मागच्या रविवारी त्यानेच तो शब्द दिला.

"त्यांनी सांगितलं, ही ओळ म्हणून?"

"चपला म्हणाला."

कौस्तुभने ओळ उतरवून घेतली. मॅडमनी विचारलं, छापील पत्रिकेत 'पदं: श्रीकांत' एवढंच घालू, की तुझंही नाव घालू गं? ध्रुवपद तर तुझं आहे. मी म्हटलं अजिबात नको.

घरी येताना रिक्षात वाटलं, ओळ त्याची नसेल तर मी त्याच्या नावावर माझं खपवतेय. आणि त्याची असेल तर माझ्यामुळे त्याला मिळाली की मी त्याच्याकडून

कुणाला विचारायचं हे? ज्याला विचारायचं तो एकच आहे.

२३ नोव्हेंबर, रवि.

प्रयोग झाला. सभागृह भरलेलं, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या टाकाव्या लागल्या. सकाळी अकराचा. श्रीला झब्बा घातला, पहिल्या रांगेत कडेची खुर्ची, काठी मी धरलेली.

पहिल्या अंकाला लोक बिचकत होते. इंग्रजी चाली, मराठी शब्द, हसायचं की नाही. परब काकांनी सात कुलुपांचं गाणं म्हटलं आणि सुटले सगळे.

ड्युएट. पुतणी जिन्यावर, कौस्तुभ खाली. तिसरी ओळ झाली. मुलीने वाकून पायातल्या काढल्या (मॅडमनी बसवलेलं) आणि गायली, "चपला हाती घेऊन ये". लोक फुटलेच. मागून कोणीतरी ओरडलं, वन्स मोअर! मग सगळेच. टाळ्या थांबेनात. परत घ्यावं लागलं.

मी श्रीकडे बघितलं. रडत होता. तोंड वेडंवाकडं करून, खांदे हलवत, लहान मुलासारखा. गाणं संपलं तरी थांबेना. मी हात धरला, पाठीवरून हात फिरवला. आनंद झाला असं शेजारची बाई मला म्हणाली. मीही तेच धरून चालले होते.

मध्यंतरात न्यूरोच्या डॉक्टरांना फोन लावला, घाबरून. म्हणाले, काळजी नको, अशा पेशंटचं रडणं-हसणं आपोआप सुटतं कधीकधी, कारण असेलच असं नाही. त्यावरून काही अंदाज बांधू नका.

दुसऱ्या अंकात शांत होता. शेवटच्या ध्रुवपदाला सगळं सभागृह गात होतं. तो सोडून.

२८ नोव्हेंबर, शुक्र.

घर एकदम रिकामं. कुणाचे फोन नाहीत. फिजिओ येऊन गेला. उजव्या हाताची दोन बोटं हलली म्हणे थोडी. मला दिसली नाहीत.

दुपारी सरळ विचारलं. पुढ्यात बसून. "श्री, ती ओळ तुझी होती का? की तुला नुसतं खाली जायचं होतं?" त्याने माझ्या हातातली पेढ्याची बशी घेतली आणि एक पेढा मला दिला.

यातून काय कळायचं.

२ डिसेंबर, मंगळ.

मॅडम आणि कौस्तुभ आले. मॅडमच्या पिशवीत नवीन कागदांचा गठ्ठा. त्याच काळातलं दुसरं एक, यात अठरा गाणी. लोक विचारतायत पुढचं कधी. श्रीसमोर चहा पीत इकडचं तिकडचं झालं आणि मग मॅडमनी गठ्ठा टीपॉयवर ठेवला, माझ्याकडे सरकवून.

"वसुधा, या वेळी तू लिही."

मी श्रीकडे बघितलंच नाही आधी. कौस्तुभ म्हणाला, "काकू, प्लीज. आणि काका आहेतच ना ताल बघायला." मॅडम म्हणाल्या, "श्रीकांत, चालेल ना तुला?" त्याला विचारलं हे बरं केलं त्यांनी. पण विचारून काय. आम्ही तिघं थांबलो. त्याचे ओठ हलले, आवाज नाही आला. तेवढ्यात मीच म्हणून बसले, विचार करून सांगते.

नको म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं का? तोंडात होतंही नको, पण आतून काहीतरी उड्या मारत होतं आणि ते त्याला दिसलं असणार. तीस वर्षं बघतोय मला.

त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आले तर टीपॉय रिकामा. गठ्ठा श्रीने ओढून घेतला होता, डाव्या हाताने, आणि मांडीखाली सारून त्यावर बसला होता. चार कागद खाली पडलेले. मी उचलले, तेही घेतले माझ्याकडून. सारले खाली.

बारा ते चार तसाच. जेवण तिथेच दिलं. बाथरूमला चल म्हटलं, उठेना. हसून म्हटलं, अरे चुरगळतायत, मॅडम ओरडतील. ढिम्म. मग हात पुढे केला, मागितले नाहीत, नुसता हात. त्याने तो धरला. आपल्या मांडीवर ठेवला, कागदांच्या वरच, आणि दाबून धरला. नको लिहूस, की लिही, की आपण दोघं, की फक्त हात, काही कळेना. जोर बऱ्यापैकी आहे डाव्या हातात. मी सोडवून घेतला नाही. माझ्या मोकळ्या उजव्या हातानेच फोन उचलला, मॅडमचा मेसेज. गुरुवारपर्यंत कळव गं, हॉलची तारीख घ्यायची आहे.

अजून धरूनच आहे. हे मी वही गुडघ्यावर टेकवून लिहितेय.